चित्र्या कुठल्या अंगानं पळतो

सुपे, ७ जानेवारी १९९६

चि. झुंबर यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

खुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी कामाचं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं हायेत, वाकडी दिसतील. हसत बसू नगं, वाच.

आबांनी मेंढरं मोडली तवा राखणीच्या कुत्रीच्या शेवटच्या वेताची दोन पिल्लं उरली होती. भिंगऱ्या तुला दिला, चित्र्या मला. मेंढरं गेली तरी ही दोन घराबाहेर जाऊ द्यायची न्हाईत, असं आबा बोलले होते, तुला याद असंल. आता माझ्या चित्र्याच्या जिवावर बेतलंय.

आमच्या बांधाला लागून धोंडाबाईचा मेंढवाडा हाय. पंधरा दिवसांत तिची तीन कोकरं गेली. दोन कुत्र्यानं नेली, एक तितंच फाडून टाकलं. तिनं झुंजुमुंजूला करड्या अंगाचं, काळ्या पट्ट्यांचं कुत्रं पळताना बघितलं. पट्ट्यांचं कुत्रं गावात एकच, माझं. गावच्या मानसिंगतात्यांनी निवाड्याला चिंचंखाली माणसं बसवली. तात्या म्हणाले, "साखरबाई, माघ पौर्णिमेपत्तूर तूच काय ते कर. न्हायतर आमी भाकरीत औषध घालू." मी म्हटलं, मी कुत्रं बांधूनच ठेवते. तर धोंडाबाई म्हणते, "बांधणार तूच आन् सोडणार बी तूच." मी म्हटलं, मग तुझ्या खुंट्याला बांध. तर म्हणते, "लांडग्याला लेकराच्या पाळण्याला बांधू व्हय?"

आता नीट वाच. तिसरं कोकरू गेलं त्या सकाळी गुरं बाहेर पडायच्या आधी मी मेंढवाड्याच्या वाटेला गेले. वाटंवरल्या धुळीच्या फुफाट्यात ठसे ताजे होते. येताना ते कुत्रं दुडक्या चालीनं आलं होतं. बघता बघता मला एक गोष्ट दिसली, आजवर कधी ध्यानात आली नव्हती. कुत्रं सरळ पळत न्हाय. पुढचे दोन पाय एका वाटेनं जातात आन् मागचे दोन जरा बाजूनं. बैलगाडीचं एक चाक ढिलं झाल्यावर गाडी तिरकी चालावी तसं. त्या कुत्र्याच्या मागच्या पायांचे ठसे पुढच्यांच्या डाव्या बाजूला पडले होते. पहिल्यापासून शेवटापर्यंत डाव्याच बाजूला.

घरी येऊन चित्र्याला वाटेवर दुडकवला. त्याचे उजव्या बाजूला!

दोन्हीकडच्या ठशांवर टोपल्या पालथ्या घातल्या आन् तात्यांना बोलावलं. सगळे हसले. तात्या म्हणाले, "आता कुत्र्याच्या पायाची पत्रिका मांडणार का? एक दिस उजव्या अंगानं पळंल, एक दिस डाव्या. त्याला काय शपथ घातलीया?"

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं असू शकतं. कुत्रं बाजू बदलतं का न्हाय, हे मला कुठं ठाऊक हाय? म्हणून तुला लिहिते. भिंगऱ्या एका आईचा, एका वेताचा. त्याला दुडकव आन् बघ, मागचं अंग कुठल्या बाजूला जातं आन् बदलतं का. लगेच कळव.

जागा संपली. आमी खुशाल.

साखरबाई

—

पळसदेव, १३ जानेवारी १९९६

ती. आक्कास झुंबरचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, मी हसलो नाही. चित्र्याचं वाचून वाईट वाटलं. धोंडाबाईला एक शब्द जास्त बोलू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

इकडे उसाची तोड चालू आहे, धरणाचं पाणी अजून बांधाला टेकलेलं आहे. भिंगऱ्या मजेत. मी हे लिहितोय तर माझ्या पायाशीच झोपला आहे. तू सांगितल्याप्रमाणे त्याला पळवून पाहिलं. मला तर तो सरळच पळताना दिसला. पुढचा पाय जिथे पडतो त्याच ठशात मागचा पडतो, एका ओळीत. तेव्हा याच्यावरून काही ठरेल असं मला वाटत नाही. तू उगाच त्रास करून घेऊ नकोस.

दाजींना नमस्कार. तिळगूळ पोस्टाने पाठवता येत नाही, गोड मानून घे.

तुझा झुंबर

—

सुपे, १८ जानेवारी १९९६

झुंबर,

तुझा कागद वाचला आन् चुलीत घालावासा वाटला. मागचा पाय पुढच्याच ठशात पडतो, ही मांजराची चाल झाली. कुत्रं हळू चालताना तसं पाऊल टाकतं, पण दुडकताना न्हाय. तू नक्की भिंगऱ्या बघितलास का शेजारणीचं मांजर?

बाबा रे, मी बारा दिवस दुसरं काय बी केलं न्हाय. मालक म्हणतात, "भाकरी करताना बी खाली बघतीस, तव्यात ठसे हायेत का?" बोलू देत.

काय काय कळलं ते सांगते. बाभळीची फांदी ओढून वाटंवरला फुफाटा सपाट करायचा आन् कुत्र्याला एका टोकाहून हाक मारायची. वाऱ्याच्या तोंडानं पळवला, पाठवाऱ्यानं पळवला. उतारानं, चढानं. भुकेला पळवला, भाकरी खाऊ घालून पळवला. दर बारीला मागचं अंग उजव्याच बाजूला. मग विहिरीभोवती पळवला. जोरात सुटला की मात्र निराळंच होतं. चारी पाय एका जागी गोळा होतात आन् मग लांब उडी. त्यात पुढचा एक पाय दुसऱ्याच्या पुढं पडतो. विहीर उजव्या हाताला असली तर उजवा पुढं, फिरून आणला तर डावा पुढं. म्हंजी जोरात पळताना वळणापरमाणं बदलतो. दुडकताना बदलत न्हाय.

तिरकं का पळत असंल, ते बी मी शोधलं. चित्र्याच्या बरोबरीनं धावले, पन्नाशीला आले तरी. दुडकताना मागचा पाय इतका पुढं येतो की सरळ आला तर पुढच्याच्या टाचंवर बसंल. म्हणून धड जरा बाजूला घेतो आन् पायाला वाट करून देतो. किती शहाणपण हाय बघ! कुणी शिकवलं असंल?

मग गावातली बाकीची कुत्री बघितली. सात बघितली. पाच उजव्या अंगाची, एक डाव्या अंगाचं. ते डावं म्हंजी पिठाच्या गिरणीवरचं म्हातारं, त्याला दात न्हाईत, ते कोकरू काय नेणार! आन् एक कसं बी पळतं, त्याचा मालक बी तसाच. आता हे असं का, एकाला उजवं का बरं वाटतं आन् दुसऱ्याला डावं का, ते मला सुधरत न्हाय. मी घागर डाव्या कमरेवर घेते. परवा उजव्या कमरेवर घेऊन बघितली तर रस्ताभर सांडली. मला बी कुणी शिकवलं न्हाय. माणसाचं असं, तर कुत्र्याचं का नसावं?

पण सात कुत्र्यांनी तात्यांचं समाधान होत न्हाय. एका वेताच्या भावाचं सांगितलं तर ऐकतील. तवा आळस सोड. फांदी ओढ, फुफाटा सपाट कर, वाकून बघ. जाताना कसं, येताना कसं, किती दिस बघितलं, सगळं लिही. आज पौर्णिमेला सतरा दिस उरले. चित्र्या दारात बसून माझ्या तोंडाकडं बघतोय. त्याला वाटतं हा सगळा खेळच चाललाय.

साखरबाई

—

पळसदेव, २३ जानेवारी १९९६

ती. आक्कास नमस्कार.

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी पहिल्यांदा घाईने पाहिलं. आता तू सांगितलंस तसं केलं. पाटाच्या कडेला मऊ माती आहे, तिथे फांदी ओढली आणि रोज सकाळी भिंगऱ्याला पळवलं. मागचे ठसे पुढच्यांच्या उजव्या बाजूला पडतात, अगदी तुझ्या चित्र्यासारखे. जाताना उजव्या, येतानाही उजव्या. सात दिवस पाहिलं, एकदाही बदल झाला नाही.

हे पत्र मानसिंगतात्यांना वाचून दाखव. खाली मी पूर्ण नाव घालून सही करतो. एका वेताच्या दोन्ही कुत्र्यांचं अंग उजवं आहे आणि ते बदलत नाही, असं मी जबाबदारीने लिहून देतो. चित्र्याला काही होता कामा नये.

तू इकडे येण्याचा विचार करू नकोस. तोड संपेपर्यंत मी घरी सापडत नाही, घरचेही कामात असतात.

झुंबर

—

सुपे, २८ जानेवारी १९९६

झुंबर,

तुझा कागद गुरुवारी मिळाला. वाचून मला किती बरं वाटलं ते सांगत न्हाय, कारण आता ते बरं वाटणं ऱ्हायलं न्हाय. शनिवारी तात्यांकडं जायचं ठरवलं होतं. माझ्या मनात आलं, जायच्या आधी एकदा मेंढवाड्यापाशी थांबावं. ते दुसरं कुत्रं कुठनं येतं ते तरी बघावं.

फटफटायला लागलं होतं. मी बांधाच्या बोरीआड बसले. चित्र्याला घरात कोंडून मालकांच्या ताब्यात दिला होता. आन् ते आलं. माळाकडनं, दुडक्या चालीनं, मागचं अंग डाव्या बाजूला टाकून. मला आधी वाटलं चित्र्याच हाय, मालकांना शिव्या बी घातल्या मनात. तोच रंग, तेच पट्टे, तसेच कान. फकस्त हाडं निघालेली.

तवा मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी उठून उभी ऱ्हायले आन् हाक मारली, "भिंगऱ्या!"

त्यानं मान वळवली, झुंबर.

पळाला न्हाय. जवळ बी आला न्हाय. कान पाडून, एक पाय उचलून उभा ऱ्हायला. मी परत हाक मारली तर शेपटी हलली. तेवढ्यात धोंडाबाईच्या घराचं दार वाजलं आन् तो माळाकडं गेला.

आता तू मला सांग. माझा कागद पोचून सात दिस बी झाले नव्हते, मग सात दिस सकाळी पाटाच्या कडेला तू कोणतं कुत्रं पळवलंस? तुझ्या पायाशी कोण झोपलं होतं?

मी तुझा कागद तात्यांना दाखवला न्हाय. दाखवला असता तर चित्र्या सुटला बी असता. पण खोट्या कागदावर त्याला सोडवून उद्या कुणी भिंगऱ्याला बघितला तर माझं तोंड कुठं लपवू? आन् खरं सांगितलं तर आबांच्या दुसऱ्या कुत्र्याला मीच मारायला दिल्यासारखं होतंय. तू मला असल्या कोंडीत घातलंस.

पळसदेवहून सुपं जवळ न्हाय. कुत्रं एवढं आपल्या पायानं आलेलं न्हाय. तू आणून सोडलंस. सुप्यापत्तूर आलास आन् बहिणीच्या दारात आला न्हाईस. कोकरांचं मी सोशीन. हे मला सोसत न्हाय.

चार फेब्रुवारीला पौर्णिमा हाय. सकाळी चिंचंखाली माणसं बसतील.

साखरबाई

—

पळसदेव, १ फेब्रुवारी १९९६

आक्का,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

तू लिहिलंस ते खरं आहे. इथे मेंढरं नाहीत, ऊस आहे आणि पाणी आहे. भिंगऱ्याला काही काम नव्हतं. आधी तो कोंबड्यांमागे लागला. मग एका घरची शेळी धरली. माणसं काठ्या घेऊन आली. सासरच्यांची जमीन कसतो मी, इथे माझा आवाज किती चालणार! त्याला मारा म्हणाले. माझ्याने झालं नाही.

मला वाटलं, आबांची मेंढरं ज्या माळावर चरायची तिथे सोडावा. ती जागा त्याच्या ओळखीची आहे. कुणाच्या तरी मेंढरांच्या खांडात शिरेल, मेंढरं राखील, ते त्याच्या रक्तात आहे. लहानपणी आबांचं असंच एक कुत्रं दुसऱ्या खांडात जाऊन राहिलं होतं, तुला आठवत असेल. डिसेंबरात मासळीच्या टेम्पोतून आणलं आणि माळावर दोरी काढली. तो टेम्पोमागे बराच पळाला. मी मागे वळून बघितलं नाही. म्हणून तो कोणत्या अंगानं पळतो ते मला खरंच माहीत नव्हतं.

तुझ्याकडे का आलो नाही ते विचारतेस. टेम्पोतून तुझ्या घराचा पत्रा दिसत होता. मला माहीत होतं तू काय म्हणशील. तू म्हणाली असतीस, आबांनी दिलेलं एक कुत्रं तुला सांभाळता आलं नाही. आणि ते खरं आहे. तू ऐकून घेत नाहीस, आक्का. माणूस अर्धं वाक्य बोलतो, तोवर तुझा निकाल झालेला असतो.

पहिल्या पत्रातच तू "पट्ट्यांचं कुत्रं" लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. चित्र्या वाचावा म्हणून उजवी बाजू लिहिली.

मी येतो असं लिहीत नाही. लिहिलं आणि ऐनवेळी धीर झाला नाही तर तू वाट बघत बसशील.

झुंबर

—

सुपे, ६ फेब्रुवारी १९९६

चि. झुंबर यास आशीर्वाद.

तू पौर्णिमेला दुपारच्या गाडीनं लगेच गेलास. बोलायला काय बी सवड मिळाली न्हाय. समोर असतास तर मी परत मधीच तोडलं असतं, म्हणून लिहिते.

तू गर्दीच्या मागं उभा होतास, तुला पुढचं दिसलं नसंल. मी वाटंवर फुफाटा सपाट केला होता. तात्यांना म्हटलं, "एकडाव वाकून बघा, मग काय करायचं ते करा." चित्र्याला सोडला. तीस दिस एका अंगानं पळणारं कुत्रं, पण उजव्या हाताला एवढी माणसं हातात काठ्या घेऊन उभी. तो बिचकला. त्यानं मागचं अंग डाव्या बाजूला टाकलं. मी बी बघितलं. तात्या वाकले, ठसे बघितले आन् म्हणाले, "साखरबाई, तुझ्याच तोंडानं ठरलं आता." मला त्यांना खोटं म्हणता येईना. ठसे माझ्या डोळ्यांपुढं होते.

तवाच मागून तुझा आवाज आला, "कोकरं खाल्लेलं कुत्रं माझं हाय. माळावर मी आणून सोडलंय." आधी तर मला कळलंच न्हाय कोण बोलतंय. तुझा आवाज आबांसारखा झालाय रे.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते. तू माळावर हाक मारल्यावर आलेला भिंगऱ्या माझ्या दारात चित्र्याशेजारी साखळीला हाय. पहिल्या दिशी दोघं गुरगुरले, आता एका थाळीत खातात. धोंडाबाई काल येऊन त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "मेंढरांचं कुत्रं मेंढरांबिगर ठेवलं, मग ते करंल काय?" तिनं तात्यांसमोर तुला बजावलंय तेच परत सांगितलं. उन्हाळा लागंस्तवर तिची मेंढरं तू वळायची, भिंगऱ्या दोरीला बांधून संगं न्यायचा. मेंढरांत ऱ्हायला शिकला तर ऱ्हाईल. न शिकला तर तुझ्या हातानं तूच काय ते करायचं. मी मधी एक शब्द बोलले न्हाय. मालक बघतच ऱ्हायले.

तू व्हय म्हणून गेलास. घरच्यांना विचारून रविवारी येतो म्हणालास. बायकोला नीट सांग, खोटं सांगू नगं.

आणखी एक. पौर्णिमेच्या सकाळी मी पाण्याला निघाले, तर दारापुढल्या फुफाट्यात चपलांचे ठसे होते. दारापत्तूर आलेले, चिंचंकडं परत गेलेले, परत दारापत्तूर आलेले. तीन येरझाऱ्या मोजल्या. शेवटच्या बारीला तर उंबऱ्यापासून हातभर अंतरावर टाचा रुतल्या होत्या, खूप वेळ उभं ऱ्हायल्यासारख्या. मी आत चुलीपाशीच होते. कुणावर तरी ओरडत असणार.

माझी बी चूक हाय. पुढं लिहीत न्हाय, एवढ्यावरनं समज.

रविवारी ये. कडी मी लावत न्हाय, दार नुसतं लोटलेलं असतं. आत ये आन् तुझं सगळं बोलणं होईस्तवर मी भाकरी थापत ऱ्हाईन, तोंड उघडणार न्हाय.

तुझी आक्का
साखरबाई